चोवीस चौरस फुटांची प्रयोगशाळा

प्रयोगशाळा नाही, उपकरणे नाहीत, अनुदान नाही. आपल्याकडे विज्ञानात मूलभूत काम का होत नाही, असे कोणालाही विचारले की ही तीन उत्तरे ठरल्याप्रमाणे पुढे येतात. ती अगदीच खोटी आहेत असे नव्हे. उपकरणे महाग असतात, परदेशातून यावी लागतात, आणि आली तरी मोडतील या भीतीने कपाटात कुलूपबंद राहतात. परंतु याच देशात, याहून कितीतरी प्रतिकूल काळात, एका माणसाने स्नानगृहाला लागून असलेल्या अडगळीच्या जागेत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका अशिक्षित कारागिराच्या मदतीने, स्वतःच्या खिशातून खर्च करून अशी उपकरणे घडवली, की ती पाहायला लंडनमधले मातब्बर पदार्थवैज्ञानिक जमले. उपकरण कसे केले हेही त्याने लपवून ठेवले नाही. त्या माणसाचे नाव जगदीशचंद्र बोस.

बोसांचे नाव आपल्याला शाळेतल्या धड्यापासून ठाऊक असते. वनस्पतींना जीव असतो हे त्यांनी शोधून काढले, एवढ्या एका वाक्यात आपण त्यांना बसवून टाकले आहे. हे वाक्य धड बरोबरही नाही, कारण वनस्पती सजीव असतात हे सिद्ध करायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. बोसांचे खरे मोठेपण निराळे आहे. जे डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही, ते मोजायचे कसे, या प्रश्नाला त्यांनी आयुष्यभर हातांनी उत्तरे दिली. म्हणून त्यांचे चरित्र हे बऱ्याच अंशी त्यांच्या यंत्रांचे चरित्र आहे.

घरातला कारखाना

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते, विचारांनी ब्राह्मो समाजाचे होते. त्या काळच्या बंगालमध्ये हुद्देदाराचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणार हे गृहीतच होते. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला गावच्या बंगाली शाळेत घातले. मुलाने आधी आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत, इंग्रजी नंतर येईलच, असा त्यांचा हिशेब होता. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. पशुपक्षी, मासे, पाणवनस्पती यांच्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या.

पुढे वडिलांची बदली वर्धमानला झाली. तिथे साथीच्या तापाने थैमान घातले आणि अनेक मुले पोरकी झाली. भगवानचंद्रांनी या मुलांसाठी आपल्या घराच्या आवारातच सुतारकामाचे आणि लोहारकामाचे वर्ग उघडले. या कारखान्यात साहेबांचा मुलगाही रमू लागला. लाकूड तासणे, धातू ओतणे, कानस चालवणे ही कामे त्याने बघत आणि करत शिकून घेतली. पांढरपेशा घरातल्या मुलाने हात काळे करू नयेत हा संकेत आपल्याकडे फार जुना आहे. बोसांच्या घरात तो मोडला गेला, आणि पुढे काय घडले ते पाहता या घटनेचे महत्त्व कोणत्याही पदवीपेक्षा कमी मानता येणार नाही.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांना फादर लाफों हे शिक्षक भेटले. हे बेल्जियन धर्मगुरू पदार्थविज्ञान फळ्यावर न शिकवता प्रयोग करून दाखवत, आणि शहरातल्या सामान्य माणसांपुढेही अशी प्रात्यक्षिके करत. १८७९ साली पदवी घेऊन बोस दुसऱ्या वर्षी वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. पण मायदेशी जडलेला ताप तिथेही पिच्छा सोडीना, आणि अखेर वैद्यकीचा नाद सोडून ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान शिकू लागले. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखा गुरू लाभला. मोजमापाच्या बाबतीत रॅले फार काटेकोर. हातांना घरच्या कारखान्याने वळण लावले होते, डोळ्यांना ते रॅले यांनी लावले.

तीन वर्षे बिनपगारी

१८८५ साली बोस परतले. अर्थतज्ज्ञ हेन्री फॉसेट यांचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या नावचे शिफारसपत्र त्यांच्याजवळ होते. तरीही शिक्षणखात्याने नाराजीनेच त्यांना कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे हंगामी प्राध्यापक नेमले. हिंदी माणसे तत्त्वज्ञान सांगू शकतील, काव्य करू शकतील, पण काटेकोर विज्ञान हे त्यांचे काम नव्हे, अशी त्या खात्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची पक्की समजूत होती. हिंदी प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार मिळत असे. बोस हंगामी असल्याने त्याच्याही निम्मा, म्हणजे एकतृतीयांश देऊ केला गेला.

बोसांनी यावर राजीनामा दिला नाही, अर्जविनंत्याही केल्या नाहीत. ते रोज वेळेवर कॉलेजात जात, उत्तम शिकवत, आणि महिनाअखेरीस पगार घेण्यास नकार देत. हे असे तीन वर्षे चालले. याच काळात वडील वेगवेगळ्या स्वदेशी उद्योगांत खोट खाऊन कर्जबाजारी झाले होते. १८८७ साली बोसांचे लग्नही झाले होते. पत्नी अबला या स्वतः मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या. सुखवस्तू घरातली ही बाई पगार न घेणाऱ्या नवऱ्याबरोबर काटकसरीत राहिली, आणि तिने त्याबद्दल कुरकूर केल्याची नोंद कुठल्याही चरित्रकाराने केलेली नाही. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. बोसांना कायम केले गेले आणि तीन वर्षांचा पुरा पगार एकरकमी मिळाला. तो वडिलांचे कर्ज फेडण्यात गेला.

मानाचा प्रश्न सुटला, कामाचा सुटला नव्हता. कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. संशोधन हे प्राध्यापकाचे काम आहे असे खात्याला वाटतच नव्हते. आठवड्याचे शिकवण्याचे तास भरपूर, आणि वर यंत्रांसाठी पैसा नाही. स्नानगृहाला लागून चोवीस चौरस फुटांची एक खोली होती, तीच बोसांनी घेतली. एक पत्रेकाम करणारा माणूस गाठला. त्याला लिहितावाचता येत नव्हते, पण पत्रा कापणे, वळवणे, डाग देणे यात त्याचा हात सफाईदार होता. बोस आकृती काढून आणि हाताने दाखवून समजावत, तो घडवत असे. ३० नोव्हेंबर १८९४ रोजी वयाची छत्तीस वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी यापुढचे आयुष्य संशोधनाला द्यायचे असे बोसांनी ठरवले. ज्या वयात आपल्याकडचा प्राध्यापक जुन्या टिपणांवर निर्धास्त होतो, त्या वयात ही सुरुवात आहे.

गंधक, ताग आणि रेल्वेचे वेळापत्रक

त्यांनी निवडलेला विषय त्या वेळी युरोपात गाजत होता. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे असे मॅक्सवेल यांनी गणिताने सांगितले होते. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास अशा अदृश्य लहरी ठिणग्यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. १८९४ च्या आरंभी हर्ट्झ अकाली वारला. त्याच्या कामावर ऑलिव्हर लॉज यांनी लिहिलेले लिखाण बोसांच्या वाचनात आले आणि त्यांना दिशा सापडली.

इथे एक अडचण होती. या लहरी प्रकाशासारख्याच वागतात हे दाखवायचे, तर त्यांचे परावर्तन, वक्रीभवन, ध्रुवीकरण करून दाखवले पाहिजे. पण त्यासाठी लागणारे आरसे आणि लोलक लहरीच्या लांबीपेक्षा बरेच मोठे असावे लागतात. हर्ट्झच्या लहरींची लांबी साधारण ६६ सेंटिमीटर. त्यामुळे त्याला डांबराचा जो लोलक करावा लागला त्याचे वजन अर्ध्या टनाहून अधिक होते. कलकत्त्याच्या त्या खोलीत हा लोलक दारातूनही गेला नसता. बोसांनी प्रश्न उलटा धरला. उपकरण मोठे करता येत नसेल, तर लहर लहान करावी. धातूच्या बारीक गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी ५ ते २५ मिलिमीटर लांबीच्या लहरी मिळवल्या. लहर लहान होताच सगळी प्रयोगशाळाच टेबलावर मावू लागली. जागेची टंचाई आणि कल्पनेची झेप यांची अशी सांगड क्वचितच पडते.

आता साहित्य काय वापरले ते पाहा. लोलक आणि भिंगे गंधकाची केली. ठिणगीचे यंत्र पत्र्याच्या पेटीत बंद केले, म्हणजे लहरी इतस्ततः पसरणार नाहीत. त्यांना वाट काढून देण्यासाठी नळी बसवली आणि त्या गोळा करण्यासाठी नरसाळे. आज लहर-मार्गक आणि शिंग-अँटेना अशी भारदस्त नावे असलेल्या या वस्तू त्या वेळी पत्रेवाल्याच्या हातची नळी आणि नरसाळे होते. लहरींचे ध्रुवीकरण करण्यासाठी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानापानांत कथिलाचा वर्ख घातला. काम भागले! लहरीची ध्रुवीकरणाची पातळी वळवून दाखवायची होती, त्यासाठी बंगालात मुबलक मिळणारा ताग आणला आणि त्याच्या जुड्या पिळल्या. उजवीकडे पिळलेल्या जुड्या लहर एका दिशेला वळवीत, डावीकडे पिळलेल्या दुसऱ्या दिशेला. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाश का वळतो, त्या रेणूंच्या पीळदार रचनेचे हे हाताने केलेले मोठे चित्रच होते. हा निबंध १८९८ साली रॉयल सोसायटीने छापला. कृत्रिम रचनेचे पदार्थ करून लहरींना हवे तसे वळवण्याची जी शाखा आज विकसित झाली आहे, तिचे अभ्यासक या पिळलेल्या तागापासून आपल्या इतिहासाची सुरुवात करतात.

लहर ओळखण्याचे यंत्र हे सर्वांत नाजूक प्रकरण होते. युरोपात त्यासाठी धातूचा कीस भरलेली काचेची नळी वापरत. कलकत्त्याच्या दमट हवेत ती लहरीपणा करू लागली. बोसांनी कीस टाकून दिला आणि पोलादी तारेची बारीक मळसूत्री वेटोळी एकाशेजारी एक बसवली. त्यांच्यावरचा दाब स्क्रूने हवा तसा कमीजास्त करता येई. यंत्र विश्वासाचे झाले.

मे १८९५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी पहिला निबंध वाचला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये लेफ्टनंट गव्हर्नरांच्या उपस्थितीत त्यांनी जाहीर प्रयोग केला. इथून निघालेली अदृश्य लहर मधल्या भिंती आणि माणसे ओलांडून ७५ फुटांवर पोचली, तिथे तिने घंटा वाजवली आणि दारू उडवली. १८९६ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, फॅरडेने जिथे प्रयोग केले त्याच सभागृहात, बोसांनी आपली टेबलावरची यंत्रे मांडून व्याख्यान दिले.

कागद परत केला

या यंत्रांचा व्यापारी उपयोग काय होणार हे इंग्रज इंजिनिअरांना लगेच कळले होते. बिनतारी संदेशाची शर्यत सुरू झाली होती. बोस आपल्या यंत्राची रचना उघडपणे सांगतात, त्यामुळे कोणीही ती उचलून पैसा करू शकेल, याबद्दल लंडनच्या एका विद्युतविषयक नियतकालिकाने आश्चर्य व्यक्त केले. मे १९०१ मध्ये ते लंडनमध्ये असताना एका मोठ्या तार कंपनीचा मालक पेटंटचा अर्ज हातात घेऊनच त्यांच्याकडे आला. व्याख्यानात सगळे सांगून टाकू नका, पेटंट घेऊ, नफा वाटून घेऊ, असे त्याचे म्हणणे. बोसांनी नकार दिला. त्याच आठवड्यात मित्र रवींद्रनाथ टागोरांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकिगत कळवली, आणि या पैशाच्या चक्रात एकदा पाय अडकला की बाहेर पडता येणार नाही अशी आपली भीतीही सांगितली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. बोसांच्या नावावर एक अमेरिकन पेटंट आहे. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून त्यांनी लहर ओळखण्याचे जे यंत्र केले होते, त्यासाठी त्यांच्या स्नेही सारा बुल यांनी आग्रहाने अर्ज करवला. त्यामागे भगिनी निवेदितांचाही हट्ट होता. २९ मार्च १९०४ रोजी ते मंजूर झाले. अर्धवाहक पदार्थाचा उपयोग करणाऱ्या उपकरणाचे हे जगातले पहिलेच पेटंट समजले जाते. पण बोसांनी त्याच्यापासून एक पैही मिळवली नाही. ते त्यांनी तसेच जाऊ दिले.

या उदारपणाची किंमत काय पडली? डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश टिपला, तेव्हा त्याच्याजवळ पारा वापरणारे जे ग्राहक यंत्र होते, तसे यंत्र बोसांनी १८९९ सालीच रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. मार्कोनीच्या यंत्राचे मूळ बोसांच्याच निबंधात आहे, असे प्रतिपादन १९९८ साली अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात झाले. सर्वांना ते मान्य नाही. बोसांना लांब पल्ल्याचा संदेश पाठवायचा नव्हता, त्यांना लहरीचा स्वभाव जाणायचा होता, हेही खरे. त्यामुळे रेडिओचा जनक कोण, हा वाद अभिमानाने घालण्यापेक्षा बोसांनी आपले काम उघडे ठेवले म्हणून दुसऱ्यांना पुढे जाता आले, एवढे म्हणणे न्यायाचे होईल. नेव्हिल मॉट या नोबेल विजेत्या पदार्थवैज्ञानिकाच्या मते तर अर्धवाहकांच्या बाबतीत बोस आपल्या काळाच्या निदान साठ वर्षे पुढे होते.

काजळीवरचे ठिपके

लहर ओळखणारे यंत्र सतत वापरले की मंदावते, विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होते, असे बोसांना आढळले होते. हे तर स्नायूसारखे झाले! या निरीक्षणाने त्यांना धातूंकडून वनस्पतींकडे नेले. १९०० साली पॅरिसच्या पदार्थविज्ञान परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादांतले साम्य मांडले. १९०१ साली रॉयल सोसायटीत मात्र शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. पदार्थविज्ञानाच्या माणसाने आमच्या अंगणात येऊ नये, असाच त्या विरोधाचा सूर होता. निबंध छापला गेला नाही. बोसांनी मग आपले काम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. या पुस्तकांच्या संपादनात निवेदितांनी अपार कष्ट घेतले. युरोपातल्या मुक्कामासाठी पैशांची ओढ लागली तेव्हा टागोरांनी त्रिपुराच्या महाराजांकडून साहाय्य मिळवून दिले.

विरोधकांना शब्दांनी नव्हे तर यंत्रांनी उत्तर द्यायचे, असे ठरवून बोस पुन्हा कारागिरांकडे वळले. प्रश्न असा होता. रोपाची वाढ सेकंदाला इंचाच्या सुमारे लक्षांश भागाइतकी. गोगलगाय याच्या कितीतरी पट वेगाने चालते. ही वाढ डोळ्यांसमोर दाखवायची कशी? तरफेने हालचाल मोठी करता येते. एक तरफ शंभर पट, तिला जोडलेली दुसरी पुन्हा शंभर पट, म्हणजे दहा हजार पट. हिशेब सोपा, अडचण वेगळीच. तरफेचे टोक काजळी धरलेल्या काचेवर रेघ ओढू लागले, की घर्षणानेच ते थांबते. कोवळ्या रोपाच्या अंगात एवढे ओढण्याचे बळ कुठले असणार?

बोसांनी काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. टोकाने काचेला सतत टेकायचेच नाही. घड्याळाच्या यंत्रणेने काच ठरावीक अंतराने पुढे येते, टोकाला क्षणमात्र स्पर्श करते आणि मागे जाते. काजळीवर ठिपका उमटतो. असे ठिपक्यांमागून ठिपके. दोन ठिपक्यांमधला काळ ठरलेला, म्हणून त्यांच्यातले अंतर मोजले की वाढीचा वेग निघतो. घर्षण गेले आणि काळाची नोंदही आपोआप झाली. हेच ते क्रेस्कोग्राफ. रोपाला खत दिले, विष दिले, थंडी लावली, नुसता स्पर्श केला, तरी वेगात पडणारा फरक काही मिनिटांत दिसू लागला. पुढे चुंबकाचा उपयोग करून त्यांनी हे विवर्धन एक कोटी पटीपर्यंत नेले. लाजाळूच्या संवेदनेचा प्रवास सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारे यंत्रही त्यांनी केले. ही सगळी यंत्रे कलकत्त्यातच, हिंदी कारागिरांच्या हातून घडली, हे बोस आवर्जून सांगत.

इथेच त्यांच्या आयुष्यातली एक अवघड बाब समोर येते. बोस यंत्राची रचना लपवत नव्हते. पुस्तकांत आकृत्या होत्या, वर्णने होती. तरी परदेशातल्या प्रयोगशाळांना ही यंत्रे सहजी करता येईनात. आकृती कागदावर उतरते, बोटांतले कसब उतरत नाही. मग शंका निघू लागल्या. यंत्र जे दाखवते ती रोपाची वाढ कशावरून, असे ऑगस्टस वॉलर या शरीरशास्त्रज्ञाने जाहीरपणे विचारले. अखेर १९२० च्या एप्रिलमध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तज्ज्ञांपुढे क्रेस्कोग्राफ चालवून दाखवावे लागले. यंत्र रोपाची वाढच नोंदवते, असा निर्वाळा ब्रॅग, बेलिस यांच्यासारख्यांनी दिला. त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

म्हणजे यंत्र खरे ठरले. यंत्राने दाखवलेल्या गोष्टींचे बोसांनी लावलेले सगळे अर्थ मात्र खरे ठरले नाहीत. झाडात पाणी वर चढते ते जिवंत पेशींच्या धडधडीमुळे, हा त्यांचा सिद्धांत पुढच्या शास्त्रज्ञांनी मानला नाही. पानांतून होणारे बाष्पीभवन आणि पाण्याच्या रेणूंची परस्परांना धरून राहण्याची ताकद, हेच त्याचे कारण आज मानले जाते. उलट वनस्पतींच्या शरीरातून विद्युतसंदेश धावतात, हे त्यांचे म्हणणे त्यांच्या काळात थट्टेचा विषय झाले, आणि आज तो संशोधनाचा मान्य विषय आहे. आपण बोसांना देव्हाऱ्यात बसवले आणि त्यांच्या चुका व यश दोन्ही तपासायचे सोडून दिले, हा त्यांच्यावर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे.

देशाला अर्पण

१९१५ साली बोस कॉलेजातून निवृत्त झाले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या वर्गातून गेले होते. प्रयोगशाळेविना काढलेले दिवस ते विसरले नव्हते. आयुष्यभराची शिल्लक आणि लोकांच्या देणग्या यांतून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट देशाला अर्पण केली. मुंबईच्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे एक सत्य म्हणजे, या संस्थेच्या मोठ्या देणगीदारांत बोमनजी आणि मूळराज खटाव हे दोघे मुंबईकर होते. उद्घाटनाच्या भाषणात बोसांनी संस्थेचे धोरण स्पष्ट केले. इथे लागलेले शोध ही सर्वांची मालमत्ता राहील, इथल्या कामाचे पेटंट कधीही घेतले जाणार नाही, इथली व्याख्याने सामान्य श्रोत्यांना खुली असतील, आणि जागा असेल तोवर कोणत्याही देशाच्या संशोधकाला इथे काम करता येईल.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडी येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

त्यांची यंत्रे कलकत्त्याच्या त्या संस्थेत आजही पाहायला मिळतात. मिलिमीटर लांबीच्या ज्या लहरी त्यांनी गंधकाच्या लोलकातून पाठवल्या, त्या आज दुर्बिणींना अवकाशातून येतात आणि मोबाइलच्या नव्या पिढीत वापरल्या जातात. अमेरिकेतल्या एका रेडिओ दुर्बिणीच्या ग्राहक यंत्रात बोसांच्या दुहेरी लोलकाचीच कल्पना वापरली गेल्याचे तिथल्या एका खगोलशास्त्रज्ञाने १९९७ साली लिहिले आहे.

अलीकडे जगभर एक चळवळ उभी राहिली आहे. शास्त्रीय उपकरणे स्वस्तात घरी करावीत, त्यांचे आराखडे सर्वांना मोफत द्यावेत, ज्याला जमेल त्याने त्यात सुधारणा करून ती पुन्हा सर्वांना द्यावी. ओपन सोर्स हे तिचे नाव. मनू प्रकाश या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने २०१४ साली अमेरिकेतून जगापुढे आणलेला कागदी सूक्ष्मदर्शक हे तिचे गाजलेले उदाहरण. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ पासून अकरा वर्षे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या आणि टाकाऊ डबे यांतून विज्ञान शिकवले, आणि ते सगळे लोकांना फुकट दिले. या कामाला बोसांची परंपरा आहे, आणि बोसांच्या अनुभवाने त्याला एक इशाराही दिलेला आहे. पेटंट न घेतल्याने ज्ञान कायद्याने मोकळे होते. ते हाताने मोकळे व्हायचे असेल, तर दुसऱ्याला करता येईल इतके सोपे उपकरण आणि ते करून पाहणारी माणसे, दोन्ही लागतात.

आपल्याकडे कायदा आड येत नाही. आड येते ते कपाटाचे कुलूप, आणि हातांनी काम करणाऱ्याला बुद्धीचे काम जमत नाही ही समजूत. त्या पत्रेवाल्याचे नाव कोणत्याही निबंधावर छापले गेले नाही. पण त्याला वगळून बोसांचे एकही यंत्र उभे राहिले नसते, आणि हे बोसांइतके चांगले कोणालाच ठाऊक नव्हते. गावोगावच्या विज्ञान शिक्षकाने एकदा आपल्या गावच्या पत्रेवाल्याला, सुताराला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला शाळेत बोलावून मुलांबरोबर बसवावे. कपाटातल्या यंत्रांची किल्ली मग सापडो वा न सापडो.